अंकीय संगीताची वापरमर्यादा

विकत घेतलेले अंकीय ध्वनिमुद्रण किती संगणकांवर ऐकता यावे, हे विक्रेत्याने ठरवून देण्याची व्यवस्था. ती २००३ नंतर विशेष प्रचारात आली. तथापि संगीत कोणाला व कोणत्या अटींवर मिळावे, हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. त्या दृष्टीने कोल्हापूरचे उदाहरण उद्बोधक ठरते.

शाहू छत्रपतींच्या पदरी असलेले अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) हे महाराजांच्या निधनापर्यंत (१९२२) कोल्हापुरात होते. जयपूर-अत्रौली घराण्याचे अनवट राग व बंदिशी शिष्याची निष्ठा आणि पात्रता पाहूनच दिल्या जात. खाँसाहेबांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका बाजारात आली नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर इ. शिष्यांच्या द्वारेच त्यांची गायकी पुढे गेली. हे बंधन कडक, प्रसंगी जाचकही होते; पण ते घालणारा माणूस असल्याने पात्रता पाहून तो ते सैलही करीत असे. धारवाडकडील मल्लिकार्जुन मन्सूर यांना खाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ व त्यांच्यामागून भूर्जीखाँ यांनी तालीम दिली, हे सर्वश्रुत आहे.

भारतात तबकडीसाठी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यास सुरू झाले; आरंभीच्या गायिकांत गोहरजान होती. तबकडी विकत घेणाऱ्यावर वापराचे बंधन नव्हते. ती कोणत्याही यंत्रावर वाजे, शेजाऱ्यास उसनी देता येई, विकताही येई. घरी तिची नक्कल करणे अवघड होते, हेच कंपनीचे खरे संरक्षण. पुढे कॅसेटमुळे नक्कल सोपी झाली, तरी प्रत्येक नकलेगणिक आवाज थोडा बिघडे. अंकीय नक्कल मात्र मुळाबरहुकूम उतरते. व्यापाऱ्यांची धास्ती येथून सुरू होते.

२८ एप्रिल २००३ रोजी अ‍ॅपल कंपनीने अमेरिकेत आयट्यून्स हे संगीतविक्री केंद्र उघडले. तेथील गीत कुलूपबंद असे व त्याची किल्ली ग्राहकाच्या खात्यावर नोंदलेल्या संगणकालाच मिळे. आरंभी असे तीन संगणक नोंदविता येत. २००४ मध्ये ही संख्या पाच झाली. जुना संगणक विकण्यापूर्वी अथवा त्याची तबकडी पुसण्यापूर्वी नोंद रद्द करावी लागे. ते राहून गेल्यास बिघडलेले यंत्रही एक जागा अडवून बसे. सर्व नोंदी एकदम रद्द करण्याची सोय होती, पण वर्षातून एकदाच. गंमत अशी, की तेच गीत साध्या सीडीवर उतरविले की कुलूप गळून पडे. त्यामुळे चोरट्यापेक्षा सरळमार्गी ग्राहकच अधिक अडला, असे म्हणावे लागते.

याहून गंभीर प्रश्न २००८ मध्ये पुढे आला. मायक्रोसॉफ्टने आपल्या बंद पडलेल्या संगीतकेंद्राच्या नव्या किल्ल्या देणे थांबविण्याचे जाहीर केले; म्हणजे संगणक बदलताच पैसे देऊन घेतलेली गाणी मुकी होणार होती. ओरड झाल्यावर मुदत वाढविण्यात आली. अ‍ॅपलने २००९ मध्ये संगीतावरील कुलपे काढली. त्यामुळे भारतात २०१२ च्या डिसेंबरात हे केंद्र सुरू झाले, तेव्हा गाणी मोकळीच मिळत होती.

त्याच वर्षी भारतीय प्रताधिकार अधिनियमात कलम ६५-अ घालण्यात आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा त्यान्वये दोन वर्षांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा ठरतो. मात्र अधिनियमाने मना न केलेल्या कामासाठी ते उघडण्यास मोकळीक आहे. ही तरतूद महत्त्वाची आहे. ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, कुलूप आपोआप उघडत नाही. केसरबाईंच्या १९३०–४० या दशकातील ध्वनिमुद्रिकांची ही मुदत उलटून गेली आहे.