डार्विनचे 'सिलेक्ट' आणि हायडेलबर्गचे प्राध्यापक

'सिलेक्ट' हे इंग्रजी क्रियापद आता आपल्याही बोलण्यात रुळले आहे. साडी सिलेक्ट करतात, टीममध्ये कुणीतरी सिलेक्ट होतो. शब्द साधा, पण १८६० साली त्याने एका जर्मन प्राध्यापकांना चांगलेच पेचात टाकले होते.

डार्विनचे 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' नोव्हेंबर १८५९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्याचे जर्मन भाषांतर हाती घेतले हायनरिश गेऑर्ग ब्रॉन यांनी. हे हायडेलबर्ग विद्यापीठातले नावाजलेले जीवाश्मतज्ज्ञ, म्हणजे विषयातले जाणकार.

अडचण अशी की डार्विनच्या 'सिलेक्ट'मध्ये दोन-तीन अर्थ एकत्र नांदत होते. एक, रोजच्या बोलण्यातला, जाणूनबुजून निवडण्याचा. दुसरा, घोडे-कबुतरे पाळणाऱ्यांचा: वेगवान घोडे बाजूला काढायचे आणि त्यांचीच पैदास करायची. आणि तिसरा डार्विनने स्वतः घातलेला: निवडणारा कुणीच नाही, जे तगतात त्यांची पिल्ले होतात, बाकीची संपतात. इंग्रजीत एकाच शब्दाखाली हे तिन्ही अर्थ खपून गेले. भाषांतरकाराला मात्र एक काहीतरी ठरवावेच लागते.

ब्रॉन यांनी आधी 'वाल डेर लेबेन्सवाइझे', म्हणजे 'जीवनपद्धतीची निवड', असा शब्दप्रयोग केला. फेब्रुवारी १८६० मधल्या पत्रात डार्विनने त्यावर नम्रपणे शंका घेतली. त्याला यात लामार्कचा वास आला, जणू प्राण्याच्या राहणीमुळेच सगळे बदल घडतात. मग त्यानेच विचारले, तुमच्याकडच्या पशुपैदास करणाऱ्यांत असा काही शब्द आहे का?

ब्रॉन यांनी तसाच शब्द दिला: 'त्स्युख्टुंग', म्हणजे पैदास, जोपासना. मागितले तेच मिळाले! पण पैदास म्हटली की पैदास करणारा आलाच, आणि निवड ही तर त्या कामातली फक्त एक पायरी.

खरी गडबड पुढे आहे. पुस्तकाच्या लांबलचक नावात 'फेव्हर्ड रेसेस' असे शब्द आहेत. 'फेव्हर' हेही तसेच बहुअर्थी क्रियापद: कुणावर मर्जी असणे किंवा परिस्थितीने साथ देणे. डार्विनला दुसरा अर्थ हवा होता. ब्रॉन यांनी लिहिले 'फेरफोलकोम्नेट', म्हणजे परिपूर्णतेकडे नेलेल्या. परिस्थितीची साथ उद्या सुटूही शकते. परिपूर्णता म्हटली की शिडी आली, वरच्या आणि खालच्या पायऱ्या आल्या. जीवाश्मांच्या अभ्यासातून ब्रॉन यांना सजीवांची चढती प्रगती आधीपासूनच पटलेली होती. त्यांचा विचार शब्दातून डोकावला, एवढेच. त्यांनी शेवटी स्वतःच्या आक्षेपांचे एक प्रकरण जोडले, आणि मानवाच्या उगमावर प्रकाश पडेल हे डार्विनचे सुप्रसिद्ध वाक्य मात्र गाळले.

तरुण अर्न्स्ट हेकेलने डार्विन प्रथम वाचला तो याच भाषांतरात. पुढे जर्मनीत डार्विनचा सगळ्यात मोठा प्रचारक तोच झाला, आणि त्याच्या मांडणीत प्रगतीला मोठे स्थान होते. हे सारे एका शब्दामुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण दार कुठल्या बाजूला उघडते याने थोडाफार फरक पडतोच.

ब्रॉन १८६२ मध्ये वारले. १८६७ च्या आवृत्तीत व्हिक्टर कारुस यांनी 'परिपूर्ण'च्या जागी 'बेग्युन्स्टिग्ट', म्हणजे अनुकूलता लाभलेल्या, असा शब्द घातला आणि 'त्स्युख्टुंग'चे 'त्सुख्टवाल', म्हणजे पैदाशीसाठीची निवड, केले. आज जर्मन लोक सरळ 'सेलेक्त्सिओन' म्हणतात. मूळ शब्दच उचलून आणला, वाद मिटला!

पण वाद फक्त जर्मनचा नव्हताच. इंग्रजीतही लोक विचारत, निवडतो कोण? १८६६ मध्ये वॉलेसने डार्विनला लिहिले, की निसर्ग चांगले निवडतो असे म्हणण्यापेक्षा तो नको ते नाहीसे करतो.

मराठीत आपण 'नैसर्गिक निवड' म्हणतो. गंमत म्हणजे वॉलेसचे म्हणणे आपल्या 'निवडणे'त आधीच आहे. आपण तांदूळ निवडतो तेव्हा हात तांदळाला नाही, खड्याला जातो. खडे गेले की उरतात ते तांदूळ. फक्त सूप घेऊन बसलेली बाई तेवढी त्या चित्रातून उठवायची राहते... आणि तेच सगळ्यात अवघड आहे, कुठल्याही भाषेत.