पहिल्या धारेचं माप

माझे पणजोबा उरणच्या दारूभट्टीत कामाला होते. तिथल्या गोष्टी मला आजोबांकडून कळल्या. मोहाची सुकी फुलं गुजरातेतून, पंचमहालाकडून पोत्यांनी येत. भट्ट्या पारशांच्या, राबणारे हात आमच्यासारख्यांचे, आणि माल जायचा मुंबईला. पण पणजोबांच्या मनात सगळ्यांत खोल रुतला होता तो सरकारी कारकुनाचा पितळी गोळा.

त्या गोळ्याला वर रेघा आखलेली दांडी असे आणि खाली छोटी वजनं अडकवता येत. उंच भांड्यात दारू ओतून गोळा सोडायचा. दारू जितकी कडक, तितका तो खोल जायचा. बाजूला तापमापक आणि कोष्टकांची वही, कारण ऊन चढलं की दारू फुगते, हलकी होते आणि आहे त्यापेक्षा कडक भासते. विलायतेतल्या साइक्स नावाच्या माणसाचं हे उपकरण. ब्रिटिश पार्लमेंटने त्याला 1816 साली कायद्याची मान्यता दिली. त्याच मापाने ‘प्रूफ’ ठरलं: 51 अंश फॅरनहाइटला तेवढ्याच पाण्याच्या बारा-तेरांश वजनाची दारू. आजच्या हिशेबाने त्यात 57.1 टक्के अल्कोहोल. त्याच्या पाऊणपट कडक ती ‘25 अंडर प्रूफ’, म्हणजे 42.8 टक्के. आजही आपल्याकडच्या बाटल्यांवर 42.8 छापलेलं असतं. हा आकडा आला कुठून, असं कोणी विचारलं तर मी उरणचं नाव घेते. त्या मापाखाली आमच्या घरातला माणूस राबला आहे.

हे मोजमाप पिणाऱ्याच्या काळजीपोटी नव्हतं. 1878च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूवरचा कर तिच्या ताकदीला बांधला. तिजोरीत किती पडायचं ते गोळा ठरवायचा. त्याच कायद्याने माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांच्या झाडांवर करही बसवला. पणजोबांचे वडील माडावर चढणारे. पिढ्यान्‌पिढ्यांचं आपलं झाड छेदायला सरकारी परवाना लागतो, हे त्यांच्या गळी कधीच उतरलं नाही. पुढे 1892च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच बंधन आलं. घरात फुलं सापडणं हाच गुन्हा ठरू लागला. जंगलातल्या कातकऱ्याला ती भुकेच्या दिवसांत खायलाही लागतात. तरीही असा कायदा करता आला, याचा मला अजून राग येतो.

गावात मात्र गोळा नव्हता. तिथे डोळे, हात आणि काडी. पहिल्या धारेची सर्वांत कडक, हे पोरासोरांनाही ठाऊक. धार पुढे सरकते तशी ती पातळ होत जाते, म्हणून जाणता माणूस धारेतली थोडी घेऊन तळहातावर चोळायचा, बाटली झटकून वर येणारे मणी किती वेळ टिकतात ते पाहायचा. शेवटची खात्री आगीने: वाटीत ओतून काडी लावायची, निळी ज्योत धरली तर खरी. आजोबा सांगत, मे महिन्यात पेटलेली दारू पौषातल्या पहाटे पेटत नाही आणि करणारा बिचारा खोटा पडतो. खूप वर्षांनी मला त्यामागचं कारण कळलं. चाळीस टक्क्यांच्या आसपासची दारू साधारण 26 अंश सेल्सियसला पेट घेण्याजोगी वाफ देते. कोकणातल्या दुपारी ती पेटते, थंडीत नाही. कारकुनाकडे यासाठी वही होती, गावाकडे नव्हती.

1949च्या दारूबंदी कायद्यानंतर भट्ट्या खाडीकाठच्या कांदळवनात शिरल्या. मोहाच्या जागी काळा गूळ आणि नवसागर आले, आणि चाखून पाहायचीही सवड उरली नाही. काळोखात आवरायचं आणि पोलिसांच्या आधी पळायचं.

या सगळ्या मापांत एक भगदाड राहिलं. विषारी मिथेनॉल दारूतल्या इथेनॉलइतकंच हलकं, त्यामुळे पितळी गोळा त्यातही तसाच बुडतो. काडी लावली की त्याचीही ज्योत निळीच. गुळाच्या वा मोहाच्या आंबवणात ते फारसं होत नाही, ते येतं कारखान्याच्या पिंपांतून. मालाडच्या मालवणीत जून 2015मध्ये त्याने शंभरावर माणसं मेली. ती बातमी आली तेव्हा आजी हयात होती. तिने विचारलं, “कुणाच्या हातची व्हती ती?” तिच्या गावात पिणारा आधी हेच विचारायचा, आणि उत्तर देणारा त्याच वाडीतला असायचा.