गेट (परीक्षा)
अभियांत्रिकी पदवीधर अभिरुची चाचणी, अर्थात गेट, ही भारतात अभियांत्रिकी, तंत्रज्ञान व विज्ञान शाखांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतली जाणारी राष्ट्रीय परीक्षा आहे. भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईसह सात भारतीय तंत्रज्ञान संस्था ती संयुक्तपणे घेतात. २०२१ पासून तीत मानव्यविद्यांचाही समावेश झाला.

परीक्षा संगणकावर होते. तीन तासांत ६५ प्रश्न सोडवायचे असून एकूण गुण १०० असतात. त्यांपैकी १५ सामान्य अभिरुचीचे. एकच उत्तर असलेला पर्यायी प्रश्न चुकल्यास त्याच्या गुणांचा एक तृतीयांश वजा होतो. चार पर्यायांत निव्वळ अंदाज बांधल्यास सरासरीने काहीच हाती लागत नाही. मात्र एखादा पर्याय खात्रीने बाद करता आला, तर अंदाज फायद्याचा ठरतो. बहुउत्तरी व संख्यात्मक प्रश्नांना ऋण गुण नसल्याने ते कोरे सोडण्यात अर्थ नाही. स्वतःचे गणकयंत्र नेता येत नाही, पडद्यावरचेच माउसने वापरावे लागते. हा सराव तयारीत बहुधा राहून जातो.

प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांना तांत्रिक विषयांपेक्षा अभिरुचीतील भाषिक प्रश्न अधिक अडवू शकतात. गुणांक निकालापासून तीन वर्षे ग्राह्य असतो. काही सार्वजनिक उपक्रम नोकरभरतीसाठीही तो विचारात घेतात.