जागा सुचवणारा नकाशा आणि त्यातला जुना लेअर

क्यूजीआयएस उघडून तुम्ही पहिल्यांदा साइट सुटेबिलिटीचा अभ्यास कराल, तेव्हा साधारण असं होईल. उतार, रस्ते, पूररेषा, बसथांब्यांपासूनचं अंतर, झोनिंग असे लेअर एकावर एक ठेवायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं आणि रन दाबायचं. तीन-चार घरांची छोटी अपार्टमेंट कुठे बसेल, ते हिरव्या रंगात समोर येतं. पण या हिरव्या रंगाला बराच जुना इतिहास आहे, आणि तो माहीत नसेल तर व्हायवात अडचण होते.

जीआयएसचा जन्मच मुळी जागा शोधण्याच्या कामातून झाला. १९६०च्या सुमारास रॉजर टॉमलिन्सन कॅनडातल्या एका हवाई सर्वेक्षण कंपनीत होते. केनियात वृक्षलागवडीसाठी योग्य जमीन शोधायचं काम कंपनीकडे आलं. अनेक नकाशे हाताने एकावर एक ठेवून तुलना करायची म्हटलं, तर खर्च परवडेना. हे संगणकाला करता येईल का, हा प्रश्न टॉमलिन्सन यांच्या डोक्यात तिथून शिरला. पुढे कॅनडा सरकारच्या जमीन-पाहणीसाठी त्यांनी उभी केलेली प्रणाली पहिली जीआयएस मानली जाते.

त्याच दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले इयन मॅकहार्ग हेच काम पारदर्शक कागदांवर करत होते. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर रस्ता कुठून न्यावा, या प्रश्नासाठी त्यांनी जंगल, पाणी, घरं, ऐतिहासिक जागा अशा प्रत्येक गोष्टीचा वेगळा कागद केला. जिथे मूल्य जास्त, तिथे रंग गडद. सगळे कागद एकत्र ठेवले की सर्वांत फिकट पट्ट्यातून रस्ता. १९६९च्या ‘डिझाइन विथ नेचर’मधून ही पद्धत जगभर गेली. आज आपण वापरतो तो वेटेड ओव्हरले म्हणजे तिचंच संगणकी रूप.

इथे एक नाव लिहून ठेवा: लुइस हॉपकिन्स. १९७७ साली त्यांनी दाखवून दिलं, की ‘चांगलं, मध्यम, वाईट’ अशा क्रमवारीला ३, २, १ आकडे देऊन त्यांची बेरीज करणं गणिताला धरून नाही. उतारातला ‘३’ आणि रस्त्यातला ‘३’ एकाच मापाचे आहेत असं कोणी ठरवलं? मला हा निबंध आजही ताजा वाटतो. एएचपीने काढलेली वजनं टेबलात टाकून पुढे सरकणाऱ्यांनी तर तो जरूर वाचावा.

आता झोनिंगकडे या. उताराला पाचपैकी तीन गुण मिळू शकतात, झोनिंगला मात्र बहुधा शून्य किंवा एकच मिळतो. अपार्टमेंटला परवानगी नसेल तर प्लॉट थेट बाद, बाकी गुण कितीही असोत. हे शून्य कुठून आलं? अमेरिकेपुरतं उत्तर १९२६ सालात सापडतं. ओहायोतल्या युक्लिड गावाच्या झोनिंगला अँबलर नावाच्या कंपनीने आव्हान दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी गावाच्या बाजूने कौल दिला, आणि निकालात न्यायमूर्ती सदरलँड यांनी घरांच्या वस्तीतल्या अपार्टमेंटला परजीवी म्हटलं. गंमत म्हणजे अँबलरला अपार्टमेंट बांधायचीच नव्हती, जमीन कारखान्यांसाठी विकायची होती. पण या निकालानंतर देशभर झोनिंग पसरलं आणि कितीतरी वस्त्यांत एका प्लॉटवर एकच घर हा नियम पक्का झाला. (आपल्याकडे हा लेअर डीपी आणि एफएसआयच्या रूपात येतो. त्याचीही वंशावळ कोणीतरी अशीच मांडायला हवी.)

मिनियापोलिसमध्ये हा लेअर एका मतदानाने बदलला. डिसेंबर २०१८मध्ये नगर परिषदेने १२ विरुद्ध १ मतांनी नवा आराखडा मंजूर केला आणि २०२० पासून निवासी प्लॉटवर तीन घरांपर्यंत परवानगी मिळाली. त्याआधी शहरातली सुमारे ७० टक्के निवासी जमीन एकाच घरासाठी राखीव होती. विचार करा: ना उतार बदलला, ना रस्ता, ना माती. अॅट्रिब्यूट टेबलातला एक कॉलम बदलला आणि शून्याचा एक होऊन नकाशा हिरवा झाला.

प्रत्यक्षात तीन घरांच्या इमारती फार थोड्या उभ्या राहिल्या. तिन्ही घरं जवळपास जुन्या एका घराच्या आकारमानातच बसवायची होती. शिवाय प्लॉटवर आधीच चांगलं घर असेल, तर ते विकत घेऊन पाडणं परवडत नाही. म्हणून संशोधक आता करआकारणीच्या नोंदींतून जमिनीची किंमत आणि इमारतीची किंमत वेगवेगळी घेतात. स्वस्तातला प्लॉट आणि त्यावर मोडकळीला आलेलं घर असेल तर गुण जास्त.

निकष अगदी समंजस वाटतो. पण याच शहरात १९१० पासून अनेक खरेदीखतांत एक अट असायची: ही मालमत्ता कृष्णवर्णीयांना विकता किंवा भाड्याने देता येणार नाही. अशा अटी बजावायला १९४८मध्ये न्यायालयाने नकार दिला आणि १९६८च्या कायद्याने त्या बेकायदा ठरल्या. मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ प्रकल्पाने जुनी खतं स्कॅन केली, संगणकाकडून संशयास्पद शब्द शोधून घेतले, स्वयंसेवकांकडून ती वाचून घेतली आणि प्रत्येक अट तिच्या प्लॉटवर नोंदवली. त्या माहितीवर झालेल्या एका अभ्यासात, अशी अट असलेल्या घरांची आजची किंमत सरासरी जास्त निघाली.

म्हणजे तुमचा ‘स्वस्त प्लॉट’ हा निकष काय उचलतो ते बघा. अट असलेले प्लॉट महाग म्हणून गुणांत मागे पडतात. पुढे येतात ते त्या अटींबाहेरचे, आणि जुनं घर पाडण्याची शिफारस त्यांच्यावर जाते. तिथे आज भाडेकरू राहत असतील, तर त्यांचा कॉलम तुमच्या टेबलात आहे का?

प्रकल्पाचा हा डेटा कोणालाही डाउनलोड करता येतो. तुमच्या अंतिम नकाशातले हिरवे प्लॉट निवडा, त्यावर हा लेअर ठेवा आणि किती प्लॉट आत पडतात, किती बाहेर, ते मोजा. किमतीचं वजन अर्धं करून पुन्हा रन करा. मग दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून मेथडॉलॉजीच्या प्रकरणात लिहा.