आरोग्यमाहिती आणि रुग्णविश्वास (वसई-विरार)

रुग्णाची माहिती रुग्णालयाकडून प्रयोगशाळा, विमा कंपनी किंवा सरकारी यंत्रणेकडे जाते, तेव्हा ती हाताळणाऱ्या संस्थांवर रुग्णाने टाकलेला भरवसा म्हणजे रुग्णविश्वास. वसई-विरारमध्ये हा भरवसा आजवर संस्थेपेक्षा ओळखीच्या डॉक्टरवर अधिक राहिला आहे.

पालघर जिल्ह्यातील या शहराची महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर होती. मोठ्या दुखण्यासाठी इथले पुष्कळ रुग्ण लोकल पकडून मुंबईच्या केईएम, नायर वा कूपर रुग्णालयात जातात. केसपेपर, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट पिशवीत घालून स्वतःच नेतात. त्यातले कागद भिजतात, हरवतात, तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. पण फाईल कोणाला दाखवायची हे रुग्णच ठरवतो.

अशा नोंदी डिजिटल रूपात जोडणारे केंद्र सरकारचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातील १४ अंकी आभा (आरोग्य खाते) क्रमांक ऐच्छिक आहे. नोंदी एकाच मध्यवर्ती कोठारात जात नाहीत; ज्या त्या रुग्णालयाकडेच राहतात आणि रुग्णाने ठरावीक कारणासाठी, ठरावीक मुदतीपुरती संमती दिली तरच पुढे जातात. ही संमती मागेही घेता येते. रचना चांगली आहे. खरी कसोटी ओपीडीच्या खिडकीवर लागते. मागे रांग खोळंबलेली असताना ‘ओटीपी सांगा’ एवढेच कानावर पडले, तर रुग्ण आकडे वाचून मोकळा होतो. होकार कशाला दिला, हे त्याला समजलेलेच नसते. नोंदवलेला मोबाइल नवऱ्याचा किंवा मुलाचा असेल, तर बाईच्या उपचाराचे संदेश आधी त्यांच्या हाती पडतात. गर्भपात, क्षय, एचआयव्ही, मानसिक आजार यांत ही गोष्ट क्षुल्लक नाही. शहरातल्या निर्मळ-आगाशीच्या जुन्या वस्तीत घरोघरी ओळख, म्हणून बोभाट्याची धास्ती. नालासोपाऱ्यात भाड्याची खोली जाण्याची. ओटीपी मागण्यापूर्वी दोन वाक्ये मराठीत आणि हिंदीत समजावून सांगणे, हे खिडकीवरच्या माणसाचे कामच मानले पाहिजे.

माहिती फुटण्याची धास्ती निराधारही नाही. उघड्या सर्व्हरवर सापडणाऱ्या वैद्यकीय प्रतिमांबाबत ग्रीनबोन या जर्मन कंपनीने केलेल्या पाहणीत भारतातील राज्यांमध्ये महाराष्ट्र अग्रस्थानी होता; २०२० साली ही बाब प्रकाशात आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने ठप्प झाले आणि बरेच दिवस कामकाज कागदावर चालवावे लागले.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. एचआयव्हीबाधितांची ओळख गोपनीय ठेवण्यासाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मात्र आरोग्यमाहितीला वेगळा, अधिक संवेदनशील वर्ग दिलेला नाही. त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. माहिती फुटलेल्या रुग्णाला भरपाई देण्याची सोय या कायद्यात नाही.