हात धरावा, मग सोडावा

स्वमग्न मुलांचे पालक भेटतात, तेव्हा त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "फादर, आमच्यामागे ह्याचे कसे होणार?" ह्या प्रश्नाशी एका शिक्षणपद्धतीचा इतिहास जोडलेला आहे. तो धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावा.

डॉ. लिओ कॅनर ह्यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली व स्वमग्नतेची ओळख जगाला झाली. पुढे कित्येक वर्षे दोष मात्र आईच्या 'कोरड्या' मायेवर लादला गेला.

तत्पूर्वीच, १९३८ साली, बी. एफ. स्किनर ह्यांनी प्रबलनाचे तत्त्व ग्रंथरूपाने मांडले होते. कृतीमागोमाग हवीशी गोष्ट लाभली, तर ती कृती पुन्हा पुन्हा घडू लागते, हेच प्रबलन. १९६४ साली वुल्फ, रिस्ली आणि मीस ह्यांनी साडेतीन वर्षांच्या एका स्वमग्न मुलाची हकिकत लिहिली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चष्म्यावाचून त्याची दृष्टी जाण्याचे भय होते आणि तो चष्मा लावू देईना. प्रथम रिकामी चौकट नुसती हाती धरली तरी त्याला खाऊ मिळे. मग ती डोळ्यांजवळ नेल्यावर. अखेरीस तो दिवसाचे सुमारे बारा तास चष्मा वापरू लागला.

हा इतिहास निष्कलंक नाही. इव्हार लोवास ह्यांनी १९६० च्या दशकात बक्षिसांसोबत थपडा आणि विजेचे झटकेही वापरले. मूल केवळ इतरांसारखे दिसावे म्हणून त्याला वळण लावणे हे दडपण आहे, असे अनेक स्वमग्न प्रौढांनीच पुढे सांगितले. हे शल्य विसरता कामा नये.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा ह्यांनी तिला स्थान दिले. नवी मुंबईत आज खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, तर वाशीला महानगरपालिकेचे ईटीसी केंद्र. मार्गदर्शनासाठी पालकांनी तेथे संकोच न करता जावे.

घरीही आरंभ करता येतो. पँट घालण्याचे काम लहान पायऱ्यांत विभागावे. आईने ती कमरेजवळ आणावी. शेवटचा ओढा मुलाने द्यावा आणि त्याच क्षणी त्याला आवडीची गोष्ट मिळावी. ते जमले की गुडघ्यापासून, मग घोट्यापासून. हळूहळू खाऊ कमी करावा, सूचना कमी कराव्यात, हाताचा आधारही कमी करावा. बक्षीस कायमचे राहिले, तर मूल बक्षिसावर अवलंबून राहते. स्वावलंबी होत नाही. आणि त्याचा 'नको' हा शब्दही शिकवण्याइतकाच ऐकण्याचा आहे.

काही मुलांना जन्मभर आधार लागेल. तसे खोटे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु स्वतः पाणी ओतून पिणारा, स्वतः कपडे घालणारा मुलगा उद्या ज्यांच्या हाती सोपवला जाईल, त्यांच्यापुढे थोडा अधिक मोकळा उभा राहील. आईबापांच्या त्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर आजच्या ह्या लहान पायरीत आहे.