विरोधी बांकावरील लोकसेवक : डॉ. जॅक द सिक्वेरा



जुबिलीच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची आपली रीत आहे. अशा वेळीं आपली दृष्टि बहुधा देवळें बांधणाऱ्यांवर व शाळा काढणाऱ्यांवर स्थिरावते. कायदेमंडळांत बसून ज्यांनीं लोकसेवा केली त्यांचें स्मरण क्वचितच होतें. सत्तेची खुर्ची न लाभतांहि केवढें लोककार्य करितां येतें हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें गोव्याच्या विधानसभेचे एक माजी सभासद डॉ. जॅक द सिक्वेरा (१९१५–१९८९) ह्यांचें चरित्र अवलोकावें.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा पोर्तुगीज अमलांतून मुक्त झाला. पुढें गोवा, दमण व दीव ह्यांचा केंद्रशासित प्रदेश होऊन ९ डिसेंबर १९६३ रोजीं ३० जागांच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. तींत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास १४ व डॉ. सिक्वेरा ह्यांच्या युनायटेड गोवन्स पक्षास १२ जागा मिळाल्या. इतरांच्या साह्यानें श्री. दयानंद बांदोडकर मुख्य मंत्री झाले, डॉ. सिक्वेरा विरोधी पक्षाचे पुढारी झाले.

गोवा महाराष्ट्रांत विलीन व्हावा, हा महाराष्ट्रवादी पक्षाचा उघड हेतु होता. ज्या बहुजन समाजानें मराठींतून विद्या व भक्ति दोन्ही मिळविलीं होतीं, तो ह्या पक्षाच्या पाठीशीं होता, आणि त्याची ओढ खोटी नव्हती. उलटपक्षीं, कोंकणी ही आपली मायबोली आहे, सुमारें साडेचारशें वर्षांचा आपला इतिहास निराळा आहे, आणि मोठ्या राज्यांत आपण केवळ एक जिल्हा होऊन राहूं, अशी भीति इतरांच्या मनांत होती. ख्रिस्ती समाजांत ती विशेष तीव्र होती.

विलीनीकरणवाद्यांचें म्हणणें असें कीं, आमचा विजय हाच लोकांचा कौल होय. सभागृहांत बहुमत त्यांचें होतें; तेव्हां संख्येच्या बळावर डॉ. सिक्वेरा हरणार हें उघड होतें. परंतु त्यांनीं एक साधा मुद्दा घट्ट धरिला. निवडणुकींत मनुष्य अनेक कारणांनीं मत देतो. प्रदेशाचें वेगळें अस्तित्व संपवावयाचें असेल तर तो एकच प्रश्न लोकांस स्वतंत्रपणें विचारला पाहिजे. ह्या मागणीसाठीं त्यांनीं दिल्लीस अनेक खेटे घातले. ते एकटे नव्हते. काँग्रेसचे श्री. पुरुषोत्तम काकोडकर ह्यांनींहि दिल्लींत पुष्कळ खटपट केली. मडगांवच्या ‘राष्ट्रमत’ दैनिकानें तर विलीनीकरणाविरुद्धची बाजू मराठींतूनच मांडिली. तेव्हां हा लढा मराठीच्या द्वेषाचा होता, असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं.

अखेर १९६६ सालीं संसदेनें जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपातीपणानें व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळानें आधीं राजीनामा दिला, ही गोष्टहि त्यांच्या पदरीं जमा केली पाहिजे. १६ जानेवारी १९६७ रोजीं मतदान झालें. विलीनीकरणास फूल व केंद्रशासित प्रदेशास दोन पानें अशीं चिन्हें होतीं. दोन पानांस १,७२,१९१ मतें पडलीं व फुलास १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. गोव्यांत ख्रिस्ती लोकांची संख्या निम्म्याहून पुष्कळच कमी होती. अर्थात् सहस्रावधि हिंदु बांधवांनीं दोन पानांस मत दिल्यावांचून हा निकाल लागणें शक्य नव्हतें. हा एका धर्माचा दुसऱ्यावर विजय नव्हता.

ह्यापुढील घटना मला अधिक बोधप्रद वाटते. मार्च १९६७ मध्यें विधानसभेची निवडणूक झाली. कौल जिंकणाऱ्या पक्षास आतां सत्ता मिळेल असें कोणासहि वाटलें असतें. परंतु महाराष्ट्रवादी पक्षास १६ जागा मिळाल्या व युनायटेड गोवन्स पक्षास पुन्हां १२. श्री. बांदोडकर पुन्हां मुख्य मंत्री झाले आणि डॉ. सिक्वेरा पुन्हां विरोधी बांकावर बसले. पक्षावर विश्वास ठेवणें निराळें व प्रदेशाच्या भवितव्याविषयीं मत देणें निराळें, हा त्यांचा मुद्दा मतदारांनीं अशा रीतीनें खरा करून दाखविला. मात्र तो खरा ठरतांना मुख्य मंत्रिपद त्यांच्या हातीं आलें नाहीं. तें त्यांस कधींच लाभलें नाहीं.

३० मे १९८७ रोजीं गोवा भारताचें पंचविसावें राज्य झालें. तो दिवस त्यांस डोळ्यांनीं पाहावयास मिळाला, आणि दोन वर्षांनीं त्यांनीं इहलोक सोडिला.

विलीनीकरणाविषयीं आपल्यांपैकीं कोणाचें मत कसेंहि असो. परंतु आपल्या पंचायतींत, सोसायटींत किंवा धर्मग्रामाच्या सभेंत आपण थोडे व समोरचे फार, असा प्रसंग सर्वांवर येतो. त्या वेळीं दोन मोह होतात : एक रागानें उठून जाण्याचा व दुसरा मुकाट्यानें मान डोलावण्याचा. डॉ. सिक्वेरा ह्यांनीं दोन्ही टाळिले. ते जागेवर बसून राहिले व “लोकांस विचारा” एवढेंच मागत राहिले. आपल्या तरुणांनीं सार्वजनिक कार्यांत उतरतांना हा धडा बरोबर न्यावा.